टिसाकाठच्या पंपघरातला हंडा

दचकू नका, बोलतोय तो मीच. टिसा नदीच्या बांधाला टेकून उभ्या असलेल्या सरकारी पंपघराच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला तांब्याचा हंडा. पोट मोठं, तोंड त्याहून जरा लहान, वर लोखंडी कडी. कानाजवळ एक पोचा आहे, तो जन्मापासूनचा. मला घडवणाऱ्या तांबटाचा हातोडा ऐन शेवटच्या ठोक्याला घसरला. तो बिचारा हळहळला, पण मला त्या पोच्याचं कधी वाईट वाटलं नाही. एकसारख्या दिसणाऱ्या भांड्यांच्या गर्दीत मला लोक लांबून ओळखतात, हे काय कमी आहे?

बाजारातून मला उचललं ते ग्लिगोर साहेबांनी. ते या पंपघराचे प्रमुख. घरी बायकोनं विचारलं, "एवढ्या मोठ्या हंड्यात शिजवणार काय, आपण दोघंच तर आहोत." साहेबांनाही ते पटलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी सायकलला लटकवून त्यांनी मला कचेरीत आणलं. तेव्हापासून मी सरकारी नोकर. नेमणुकीचा कागद नाही, एवढंच.

आमचं काम थोडक्यात सांगतो. टिसा फुगली की कालव्याचं दार बंद करावं लागतं, नाहीतर नदीच आत शिरेल. पण दार बंद झालं की गावातलं, शेतातलं पाणी जाणार कुठे? मग आमचे तीन पंप ते उचलून बांधापलीकडे टाकतात. पंप थांबले तर पाणी सगळ्यात आधी खालच्या आळीत घुसतं. तिथली घरं चोपलेल्या मातीच्या भिंतींची. पायाशी दोन दिवस पाणी राहिलं की भिंत खाली बसते, आणि एकदा बसलेली भिंत कोणी उठवू शकत नाही. त्या आळीतलं शेवटचं, सगळ्यात सखल घर आमच्या मितोचं.

मितो कालवे आणि जाळी साफ करतो. कालव्यातून वाहत आलेला बोरू, म्हणजे वेतासारखं उंच पाणगवत, पंपाच्या तोंडाशी जाळीवर अडकतो, तो लांब दांड्याच्या दाताळ्यानं ओढून काढायचा. रोमा, म्हणजे इकडच्या जुन्या भटक्या जमातीच्या वस्तीतला माणूस, बोलायला कमी, नजर घारीची. देझोकाका पंपांचे मिस्त्री, हंगेरियन, बोलायला भरपूर, नजर मात्र चष्म्याशिवाय शून्य. युदिता स्लोव्हाक, फोन आणि कागद तिच्याकडे. गावात कोणाचं कोणाशी काय नातं आहे हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. आणि ग्लिगोर साहेब सर्ब.

दर शुक्रवारी दुपारी माझ्यात माशांचा रस्सा व्हायचा. शुक्रवारच का, याचीही गंमत आहे. देझोकाका कॅथलिक, शुक्रवारी मांस खात नाहीत. साहेब ऑर्थोडॉक्स, त्यांचाही शुक्रवारी उपास, फक्त नियम वेगळे. युदिताच्या चर्चला शुक्रवारशी काही देणंघेणं नाही, पण ताटात कार्प मासा पडणार असेल तर तीही उपास धरायला तयार.

"आणि तुझा देव काय म्हणतो रे, मितो?" देझोकाका दर वेळी विचारायचे.

"तो म्हणतो, पुढ्यात येईल ते खा आणि फार विचारू नका."

आता या रश्श्याची रीत ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच फिरणार आहे. तळाशी कांदा, वर माशाचे जाड तुकडे, मग गार पाणी. उकळी आली की लाल मिरचीची गोडसर पूड. आणि त्यानंतर चमचा लावायचा नाही. टिसाकाठचं कोणीही माणूस, मग तो कुठल्याही भाषेत बोलो, हंड्यात चमचा घालणार नाही. कडी धरायची आणि हंडाच हलक्या हातानं इकडून तिकडे फिरवायचा. मासा अखंड राहतो, काटे मांसातच राहतात, तुकडा उचलला की सगळा काटा एका ओढीत सुटतो.

म्हणजे तासभर कोणीतरी माझ्याजवळ उभं राहणार, हे ठरलेलं. एकटा किती वेळ उभा राहणार? दुसरा येतो, तिसरी येते. देझोकाका म्हणायचे, दोन नंबरचा पंप तापतोय, त्याला मधून अर्धा तास निजू द्यायला हवं. मितो म्हणायचा, वारं दक्षिणेचं आहे, उद्या बोरू येणार. युदिता सांगायची, कालव्यावरच्या आपल्या वरच्या पंपघराचा फोन होता, ते त्यांचं पाणी आपल्याकडे सोडतायत. साहेब नुसते हुं हुं करत कडी फिरवायचे आणि जेवण होईपर्यंत उद्याचं काम ठरलेलं असायचं. यालाच बैठक म्हणतात हे त्यांच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

सगळं छानच होतं, असं मी म्हणणार नाही. सोबतच्या शेवया रश्श्यातच उकडायच्या की वेगळ्या, यावरून देझोकाका आणि साहेब वीस वर्षं भांडले. कधी कधी जेवणं इतकी लांबायची की पंपांपाशी चिटपाखरू नसायचं. एकदा तिसऱ्या पंपाचा पट्टा तुटला तेव्हा ही सगळी मंडळी कार्पाच्या डोक्यावर कोणाचा हक्क यावर वाद घालत होती. मी तिथेच होतो, खोटं कशाला बोलू?

साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी स्तोयांकाबाई आल्या. इंजिनीअर, वय चाळीसच्या पुढे, डोंगराळ मुलखातल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती पट्ट्याची गोष्ट ऐकली. झालं. भिंतीवर हुकूम लागला. पंपघर एक मिनिटही मोकळं राहता कामा नये, सबब प्रत्येकानं वेगळ्या वेळी जेवायचं. देझो बारा वाजता, युदिता साडेबाराला, मितो एक वाजता. डिझेलच्या टाकीजवळ चूल पेटवायची नाही. आणि ज्याचं त्याचं काम ज्यानं त्यानं आपापल्या वहीत लिहून संध्याकाळी सहीला ठेवायचं.

बाईंचं चुकलं होतं का? मला आजही तसं म्हणवत नाही. प्रत्येक ओळ वाजवी होती. मला कोठीत ठेवलं गेलं आणि माझ्यात पंपाचं वंगण भरलं गेलं, तेव्हासुद्धा मी मनाशी म्हटलं, सरकारी नोकरी आहे, बदली व्हायचीच.

पण कोठीच्या दाराला फट होती आणि तिच्यातून मला पंपघर ऐकू यायचं. पहिल्या महिन्यात हसणं कमी झालं. दुसऱ्या महिन्यात टोमणे थांबले, आणि टोमणे थांबले की समजावं, घरात काहीतरी बिनसलंय. तिसऱ्या महिन्यापासून फक्त पावलं ऐकू यायची. एक जण येतोय, एक जण जातोय. कोणाचं कोणाशी भांडण नव्हतं. बोलायचं कारणच उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत एके दिवशी सकाळी बर्फ एकदम वितळायला लागलं. वारं दक्षिणेचं होतं. मितोनं जाळीवर बोरू साचतोय असं आपल्या वहीत लिहिलं आणि उपसायला लागला. युदितानं वरच्या पंपघरातून एक वाजता पाणी सुटणार असल्याचं आपल्या वहीत लिहिलं. देझोकाकांनी दोन नंबरचा पंप तापला म्हणून एक वाजता अर्ध्या तासासाठी बंद केला आणि तसं आपल्या वहीत लिहिलं. मितो त्याच वेळी हुकमाप्रमाणे जेवायला गेला. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं, आणि दोन वाजता खालच्या आळीत घोट्यापर्यंत पाणी होतं.

ते संध्याकाळपर्यंत उपसलं गेलं. कोणी दगावलं नाही, भिंत पडली नाही. पण मितोच्या घराच्या मागच्या भिंतीनं पाणी प्यायलं. दुसऱ्या दिवसापासून मितो देझोकाकांशी बोलेनासा झाला. पंप मुद्दाम बंद केला, असं काही तो म्हणाला नाही. तो काहीच म्हणाला नाही. आणि मोठं पाणी तर अजून यायचं होतं. टिसाचं खरं पाणी एप्रिलात येतं, डोंगरातलं बर्फ उतरतं तेव्हा.

मार्चमधल्या एका शुक्रवारी कोठीचं दार उघडलं आणि स्तोयांकाबाई आत आल्या. त्यांनी माझ्यातलं वंगण डब्यात काढलं. मग बाह्या सरसावून व्हिनेगर आणि मीठ घेतलं आणि मला घासायला बसल्या. आधी राख लावली असती तर निम्म्या वेळात झालं असतं, पण सांगणार कसं? दोन तास घासलं त्यांनी. मग नवी कल्हई लावून आणली. आठवड्यानं, पुढच्या शुक्रवारी, डिझेलच्या टाकीपासून चांगली वीस पावलं लांब, बांधाच्या पायथ्याशी तिवई उभी करून मला टांगलं.

"आज सगळ्यांनी एकत्र जेवायचंय," त्या म्हणाल्या. "पंपांवरची पाळी मी वाटून दिलेली आहे, दर वीस मिनिटांनी एक जण आत जाऊन बघून येईल. रस्सा मी करणार आहे."

"तुम्ही?" देझोकाका म्हणाले. "बाई, तुमच्याकडे मासा कधी रस्त्यानं तरी गेलाय का?"

"पाककृती लिहून घेतलीय ग्लिगोर साहेबांकडून."

लिहून घेतली होती खरी. कांदा, मासा, गार पाणी, मिरची, सगळं बरोबर. पण चमचा लावायचा नाही हे साहेबांनी सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगावं लागतं असं इथं कोणाला वाटतच नाही. उकळी आली, बाईंनी लाकडी पळी घेतली आणि बुडापासून, मनापासून ढवळायला लागल्या.

युदिताचा हात तोंडाशी गेला. देझोकाकांनी डोळे मिटले. मितो पाठ फिरवून नदीकडे बघत बसला. आणि मी? माझ्या पोटात त्या सुंदर कार्पाचा चुथडा होत होता आणि शेकडो बारीक काटे सुटून रश्श्यात तरंगत होते. लाज वाटली मला, बाईंसाठी वाटली.

कोणी बोललं नाही. वर्षभर न बोलण्याची सवयच लागली होती ना. बाईंनी चार ताटल्या वाढल्या, पहिला घास घेतला आणि थांबल्या. तोंडातून एक काटा काढला. मग दुसरा. मग पाचवा.

"काहीतरी चुकलंय," त्या म्हणाल्या.

"नाही, नाही," युदिता म्हणाली, "चव छान आहे."

"युदिता, खरं सांग."

"ढवळायचं नसतं, बाई. हंडा हलवायचा असतो."

"मग मी ढवळत होते तेव्हा का नाही सांगितलंस?"

युदिता ताटलीत काटा शोधायला लागली. देझोकाकाच म्हणाले, "बाई, इथं आता कोणी कोणाला काही सांगत नाही. ज्यानं त्यानं आपल्या वहीत लिहायचं."

बाईंचा चेहरा उतरला. पण ताटली त्यांनी बाजूला सारली नाही. त्या खाली मान घालून काटे काढत राहिल्या आणि मग बाकीच्यांनाही उठता येईना. असं जेवण दहा मिनिटांत उरकत नाही. एका घासाला दोन मिनिटं लागतात, हात गुंतलेले, डोळे ताटात, फक्त तोंड मोकळं. बोलण्याला यापेक्षा चांगली सोय मी तरी पाहिलेली नाही.

"त्या दिवसाच्या तिन्ही वह्या मी वाचल्या होत्या," बाई हळूच म्हणाल्या. "सही करताना. तिन्ही बरोबर होत्या."

"दुपारी वाचल्या असत्या तर बरं झालं असतं," देझोकाका म्हणाले. मग एकदम मितोकडे वळले. "मला काय माहीत होतं जाळीवर बोरू साचलाय म्हणून? माहीत असतं तर पंपाला हात लावला असता का मी?"

"मी लिहिलं होतं," मितो म्हणाला. दीड महिन्यातलं त्याचं देझोकाकांशी पहिलं वाक्य.

"तुझी वही माझ्याकडे येत नाही, लेका."

"चार पावलांवर तर होतो मी, काका. यायचं होतंत."

"तुझी जेवायची वेळ होती ना. हुकूम होता."

मितोनं दोन काटे काढले, ताटलीच्या कडेला लावले. "माझी मागची भिंत हाताला मऊ लागते," तो म्हणाला. "ल्युबानं पलंग पुढच्या खोलीत आणलाय. आणखी एकदा पाणी आलं की संपलं."

ल्युबा म्हणजे त्याची बायको.  देझोकाकांनी घास तोंडात घातला आणि ठसका लागून लाल झाले. चष्मा पंपघरातच राहिला होता, काटे त्यांना दिसतच नव्हते. मितोनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांची ताटली आपल्याकडे ओढली आणि काटे निवडायला लागला. एकेक तुकडा साफ करून ताटलीच्या एका बाजूला ठेवत गेला. देझोकाका लहान मुलासारखे गप्प बसून होते. त्या घटकेला माझ्या तांब्याच्या अंगाला जी ऊब आली ती खालच्या जाळाची नव्हती, एवढं मला नक्की कळतं.

त्या जेवणाला अडीच तास लागले. पाळीप्रमाणे एकेक जण पंपांवर जाऊन येत होता आणि आला की विचारत होता, कुठपर्यंत आलात. काटे निवडता निवडता ठरलं ते असं. दोन नंबरला निजवायचं ते युदितानं फोनची वेळ सांगितल्यावरच. जाळीवर एकट्या मितोनं उभं राहायचं नाही. वही एकच, आणि ती भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी. पंपघर मोकळं राहणार नाही हा बाईंचा नियम मात्र तसाच राहिला, कारण तो बरोबर होता हे देझोकाकांनीही कबूल केलं. उठताना ते म्हणाले, "रस्सा भयंकर होता, बाई. पुढच्या शुक्रवारी मी करतो. शेवया वेगळ्या उकडायच्या."

एप्रिलात पाणी आलं. नऊ दिवस कालव्याचं दार बंद होतं. पाचव्या दिवशी दुपारी कालव्याचं पाणी धोक्याच्या लाल खुणेच्या वीतभर खाली होतं आणि जाळीवर बोरूचे भारे येऊन आदळत होते. मितो आणि देझोकाका दोन दाताळी घेऊन ओढत होते. बाईंनी तिसरं घेतलं होतं.

"घरी जा, मितो," बाई म्हणाल्या. "ल्युबा एकटी आहे. वाळूच्या पिशव्या लावायला तरी हात होईल."

"घरी जाऊन काय करू, बाई? माझं घर वाचायचं असेल तर ते इथंच वाचेल."

तेवढ्यात फोन वाजला. वरचं पंपघर तासाभरात पाणी सोडणार होतं. बाई धावत आत गेल्या, चार तास थांबा म्हणून सांगितलं, विनवलं. पलीकडचा मिशो म्हणाला, लेखी हुकूम आणा. युदितानं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"मिशो, मी युदिता. उद्या चर्चमध्ये गाण्याची तालीम आहे, तुझी बायको माझ्या शेजारीच उभी असते. खालच्या आळीतल्या भिंती कशा पडल्या, हे तिला मी सांगू की तू सांगतोस?"

 मिशो म्हणाला, "चार तास. एक मिनिट जास्त नाही."

चार तासांत जाळी मोकळी झाली, दोन नंबर निजून उठला आणि तिन्ही पंप एका सुरात चालले. पाणी खुणेला टेकलं नाही. नवव्या दिवशी टिसा उतरली. मितोची मागची भिंत सुकी राहिली.

असं वाटेल की गोष्ट इथं संपली. मलाही तसंच वाटलं होतं. पण मे महिन्यात एका सकाळी मितो माझ्यापाशी येऊन उभा राहिला आणि टोपी हातात फिरवत सगळ्यांना म्हणाला, "या शुक्रवारी हंडा माझ्या अंगणात लावला तर चालेल का? ल्युबा म्हणत होती."

"चालेल म्हणजे काय," देझोकाका म्हणाले. "यायचं कसं, ते सांग. खालच्या आळीत कुठलं घर?"

ते बोलून गेले आणि मग त्यांचंच तोंड बंद झालं. युदितानं खाली पाहिलं. अकरा वर्षं मितो त्यांच्याबरोबर माझ्यातून जेवत होता. देझोकाकांच्या मुलीच्या लग्नात त्यानं खुर्च्या मांडल्या होत्या, युदिताच्या आईच्या दफनाला तो गेला होता. पण त्याच्या घराचा उंबरा यांच्यापैकी एकानंही ओलांडला नव्हता. आणि मी, जो स्वतःला या सगळ्यांना जोडणारा समजत होतो, त्या माझ्याही हे अकरा वर्षांत कधी मनात आलं नव्हतं.

"शेवटचं," मितो म्हणाला. "निळ्या दाराचं."

त्या शुक्रवारी पंपांवर दुसऱ्या पाळीचा माणूस बसवून सगळे आले. देझोकाका बायकोला घेऊन आले, युदितानं खसखशीची पोळी केली होती. ल्युबानं शेजारच्या तीन घरांतून खुर्च्या आणल्या होत्या आणि सगळी आळी कुंपणावर हात ठेवून बघत होती. स्तोयांकाबाई आधी घराच्या मागे गेल्या. मागच्या भिंतीवर त्यांनी तळहात टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला. परत आल्या तेव्हा ल्युबा म्हणाली, "बाई, आत या ना, घर बघा."

आज सोमवार. मी पुन्हा माझ्या खिळ्यावर आहे, कल्हई थोडी उडालीय, तब्येत ठणठणीत आहे. माझं काही मागणं नाही, शुक्रवार येतोच. मागणं असलंच तर तुमच्याकडे आहे. तुम्हीही कुठल्यातरी कचेरीत, कुणाच्यातरी शेजारी वर्षानुवर्षं बसत असाल, डब्यातलं एकमेकांना देत असाल. उद्या त्याला एवढंच विचारा, तुझं घर कुठलं. आणि त्यानं सांगितलं, की मग त्याच्या घरी जा.